मला निकांद्रेनं वाहिलं

आमच्या गावच्या देवीच्या गाभाऱ्यात एक पितळी समई आहे. आजीनं दिलेली. त्यासाठी तिनं दुधाचे पैसे चार वर्षं डब्यात साठवले होते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. समईच्या बैठकीवर नाव कोरलंय ते आजोबांचं. लहानपणी मला त्यात काही वावगं वाटायचं नाही. देवळातल्या फरशीवर, घंटेवर, पंख्याच्या पात्यांवरही नावं असायची आणि ती बहुतेक पुरुषांचीच असायची. पुढे समई विसरून गेले. ती पुन्हा आठवली ती थेट अथेन्समध्ये, एका दगडी बाईच्या डाव्या अंगाला वाकून उभी असताना.

अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयाच्या नोंदींत या बाईचा क्रमांक १ आहे. उंची पावणेदोन मीटर, पायाखालची बैठक धरली तर दोन मीटरच्या आसपास. समोरून पाहिलं तर पुरी बाई. खांद्यांवर दोन्ही बाजूंनी उतरलेले केस, कमरेला पट्टा, अंगालगत सरळ सोडलेले हात, पायघोळ वस्त्राखालून जेमतेम डोकावणारी बोटं. बाजूला गेलं की ती एकदम नाहीशी होते. जाडी वीतभरही नाही! लाकडाची फळी उभी करावी तशी ती उभी आहे. नाक, डोळे, ओठ वाऱ्यापाण्यानं झिजून गेलेत, चेहऱ्याच्या जागी चेहऱ्याची आठवण तेवढी उरलीय.

खरं सांगायचं तर पहिल्या नजरेत ती सुंदर वाटली नाही. तिथं येणारे बरेच लोक तिच्याकडे एक नजर टाकून पुढच्या घोटीव तरुणांच्या पुतळ्यांकडे वळतात. मीही तशीच वळले असते. पण पाटीवर वाचलं की हिच्या अंगावर लेख आहे, म्हणून डावीकडे गेले आणि तिथंच अडकले.

लेख डाव्या मांडीवर, वस्त्राच्या कडेनं उभा कोरलाय. एक ओळ वर जाते, दुसरी तिथूनच वळून खाली येते. ग्रीक लोक या लेखनाला बैलाच्या वळण्याचंच नाव देतात. एक तास संपलं की औत बांधापाशी वळतं आणि उलट्या दिशेनं दुसरं तास धरतं, अगदी तसं. तेव्हा ग्रीक लिपी नवीच होती, डावीकडून उजवीकडेच लिहायचं असं अजून ठरलेलं नव्हतं. नांगर धरणाऱ्या माणसांना प्रत्येक ओळीला पुन्हा आरंभाच्या टोकाशी चालत येणं हीच उलट विचित्र गोष्ट वाटली असती.

काय लिहिलंय त्यात? साधारण असं:

‘निकांद्रेनं मला वाहिलं, दूरवर बाण मारणाऱ्या, शर वर्षणाऱ्या देवीला. नाक्सोसच्या देइनोदिकेसची ही मुलगी, इतरांहून उजवी. देइनोमेनेसची बहीण. आणि फ्राक्सोसची बायको…’

यातली देवी म्हणजे आर्टेमिस. लेखाच्या अगदी शेवटी एकच अक्षर उरलंय, आणि बरेच अभ्यासक त्याला ‘आता’ या अर्थाच्या शब्दाचं पहिलं अक्षर मानतात. म्हणजे ‘आता फ्राक्सोसची बायको’.

काळ इसवी सनापूर्वी ६५० ते ६३० च्या दरम्यानचा. माणसाच्या उंचीच्या, दगडात घडवलेल्या ग्रीक पुतळ्यांतला हा अगदी आरंभीचा नमुना आहे. आणि त्या आरंभी नाव आहे ते एका बाईचं. राजाचं नाही, सेनापतीचं नाही. तिथं उभी असताना माझ्या मनात एवढंच घोळत होतं की इथं देणारीचं नाव कोरलंय. बाप आहे, भाऊ आहे, नवरा आहे, सगळे आपापल्या जागी हजर आहेत. पण वाहण्याची क्रिया तिची आहे. वाक्याचा कर्ता निकांद्रे आहे.

‘वाहिलं’ हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. ग्रीकमध्ये तिथं ‘आनेथेकेन’ असं क्रियापद आहे. शब्दशः पाहिलं तर ‘वर ठेवलं’, म्हणजे देवाच्या स्वाधीन करून उभं केलं. त्या काळच्या शेकडो लेखांत हेच क्रियापद येतं. ‘अर्पण केलं’ म्हटलं तर अर्थ चुकत नाही, पण तो शब्द छापील पत्रिकेतला वाटतो. आपण फूल वाहतो, बेल वाहतो, एखाद्या कामाला आयुष्य वाहतो. निकांद्रेनं दगड वाहिला.

तिनं तो कुठे वाहिला, हे समजल्यावर मला पुतळी जास्त कळली. डेलोस हे एजियन समुद्रातलं एवढंसं बेट, जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटरचं. लेतो या देवीनं इथं बाळंत होऊन अपोलो या देवाला जन्म दिला अशी ग्रीकांची श्रद्धा होती, आणि त्याची जुळी बहीण म्हणून आर्टेमिसचंही इथं मोठं स्थान. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ तेओफिल ओमोल यांना १८७८ साली तिथं, आर्टेमिसच्या देवळाच्या परिसरात, ही पुतळी मिळाली. त्याच आवाराबद्दल प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटसनं एक गोष्ट लिहून ठेवलीय. फार पूर्वी उत्तरेकडच्या दूरदेशीहून दोन मुली डेलोसला आल्या आणि तिथंच वारल्या. त्यांची समाधी आर्टेमिसच्या आवारात शिरताना डाव्या हाताला होती, तिच्यावर ऑलिव्हचं झाड उगवलं होतं. डेलोसच्या मुली लग्नाआधी आपल्या केसांची एक बट कापायच्या, ती चातीवर गुंडाळायच्या आणि त्या समाधीवर ठेवायच्या.

म्हणजे ही जागाच मुलीपण मागे ठेवून जाण्याची होती. आर्टेमिस स्वतः कुमारी, रानात हिंडणारी, शिकारी. पण मुलींच्या लग्नाच्या आणि बायकांच्या बाळंतपणाच्या उंबऱ्यावर तीच उभी असायची. नंतरच्या काळातल्या एका ग्रीक कवितेत एक मुलगी लग्नाआधी आपली डफली, चेंडू, केसांची जाळी आणि बाहुल्या आर्टेमिसला देऊन टाकते. बाहुल्यांचे कपडेसुद्धा देते. ती ओळ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले होते.

निकांद्रेही अशीच लग्नाच्या वेळी आली असेल का? ‘आता फ्राक्सोसची बायको’ या शब्दांवरून तसं मानणारे अभ्यासक आहेत. ती देवीची पुजारीण असावी असंही काही जण म्हणतात. मला पहिली शक्यता जवळची वाटते, आणि त्याला कारण तो ‘आता’. बरीच वर्षं संसार झालेली बाई ‘आता’ म्हणत नाही. तो शब्द नव्या नावाला हात लावून पाहणाऱ्या मुलीचा आहे.

मग ही दगडी बाई कोण, निकांद्रे की आर्टेमिस? तिच्या दोन्ही मुठींना आरपार भोकं आहेत. त्यांत काहीतरी धातूचं बसवलेलं असणार. धनुष्य-बाण असतील तर ती देवी. फूल किंवा माळ असेल तर देवीपुढे आलेली भक्त. जे होतं ते गेलं, भोकं राहिली. यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. पण लेखात पाहा, ‘मी आर्टेमिस’ असं ती म्हणत नाही आणि ‘मी निकांद्रे’ असंही म्हणत नाही. ती फक्त ‘मला’ म्हणते. कुणी दिलं, कुणाला दिलं, एवढंच सांगते. देणारी आणि घेणारी यांच्या मधोमध उभं राहणं हेच तिचं काम.

हिला मराठीत काय म्हणावं यावर मी बरीच अडले. मूर्ती म्हणावं तर हिची पूजा होत नव्हती. पुतळा म्हणावं तर आपल्याकडे तो चौकातल्या थोर माणसाचा असतो. ग्रीकांकडे अशा देणगीसाठी शब्द होता ‘आगाल्मा’, म्हणजे जे पाहून आनंद व्हावा, ज्यानं शोभा यावी ते. सामोस बेटावरच्या हेरा देवीच्या क्षेत्रात खेरामिएस नावाच्या माणसानं काही पुतळ्या वाहिल्या होत्या. त्यातली एक आज पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे. डोकं गेलंय, पण गोल खांबासारख्या त्या देहावरच्या बारीक चुण्या इतक्या नेमक्या आहेत की ताज्या चुणीदार साडीची आठवण व्हावी. तिच्यावर कोरलंय, ‘खेरामिएसनं मला हेराला आगाल्मा म्हणून वाहिलं.’ तिची एक बहीण बर्लिनला आहे, हातात ससा घेतलेली. तिच्यावर ‘अतिसुंदर आगाल्मा’ असे शब्द आहेत. दगडावर स्वतःचंच कौतुक कोरलेलं, आणि तेही किती निर्मळपणे!

आगाल्माला मराठीत जवळचा शब्द शोधताना मला सापडला तो ‘लेणं’. देवीच्या अंगावरचं लेणं ते लेणंच, आणि डोंगरात कोरलेलं तेही लेणंच. दोन्हींची मुळं वेगळी आहेत हे मला माहीत आहे. तरी आपल्या कानाला ते शब्द एकच वाटतात आणि त्यात काही चुकलंय असं मला वाटत नाही.

लेण्यांवरून कार्ल्याचा विषय निघणारच. नाक्सोस, सामोस, डेलोस ही सगळी आयोनियन ग्रीकांची बेटं. डेलोस तर त्यांचं एकत्र जमण्याचं क्षेत्र. या ‘आयोनियन’ शब्दाचंच आपल्याकडे ‘यवन’ झालं. शब्दाचा अर्थ पुढे पार बदलला, पण मुळात यवन म्हणजे निकांद्रेच्या गोतावळ्यातली माणसं. एकवीरेला जाताना वाटेत लागणाऱ्या कार्ल्याच्या चैत्यगृहात ज्या खांबांमधून आपण चालतो, त्यांतल्या काही खांबांवर धेनुकाकट गावच्या यवनांची नावं आहेत. अमक्या यवनाचं ‘थभो दानं’, म्हणजे खांबाचं दान. निकांद्रेनंतर सहा-सातशे वर्षांनी, समुद्राच्या या बाजूला, यवन म्हणवणारा कुणी पुन्हा दगडच देतोय आणि दगडावर आपलं नाव घालतोय. त्यांच्यापर्यंत डेलोसची आठवण पोचली असेल असं मी म्हणत नाही. ते बौद्ध होते, त्यांची नावंही इथलीच झाली होती. तरी अथेन्सहून परतल्यावर मी कार्ल्याला गेले तेव्हा त्या अक्षरांवरून बोट फिरवायचा मोह फार कष्टानं आवरला.

दगडाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय यातलं काहीच घडलं नसतं. निकांद्रेची पुतळी नाक्सोसच्या संगमरवराची आहे. हा दगड भरड कणांचा, फुटल्यावर खडीसाखरेसारखा चमकणारा. शेजारच्या पारोस बेटाचा संगमरवर अधिक बारीक कणांचा, प्रकाश आत घेणारा. पुढच्या पिढ्यांतल्या नाजूक पुतळ्या बहुतेक त्या पारोसच्या दगडातल्या. पण नाक्सोसकडे आणखी एक गोष्ट होती, कुरुंद. आपल्याकडे धार लावायला वापरतात तोच. टाकीनं घाव घालून आकार काढायचा आणि मग कुरुंदाच्या भुकटीनं दिवसचे दिवस घासत बसायचं. संगमरवर आणि तो गुळगुळीत करणारा दगड, दोन्ही एकाच बेटावर! मोठाले दगडी पुतळे घडवता येतात ही कल्पना ग्रीकांनी इजिप्तमध्ये पाहिली असणार. त्याच शतकात ग्रीक व्यापारी आणि भाडोत्री सैनिक तिथं जाऊ लागले होते. कल्पना बाहेरून आली असेल, हात मात्र नाक्सोसच्या पाथरवटांचे होते. त्या बेटावर खाणीजवळच अर्धवट सोडलेले महाकाय पुतळे आजही आडवे पडलेत. एखादा दगड दगा द्यायचा, तडा जायचा, आणि सगळी मेहनत तिथंच राहायची. निकांद्रेची पुतळी मात्र खाणीतून निघाली, घडली, होडीत चढली आणि समुद्र ओलांडून डेलोसच्या धक्क्याला लागली. ती चपटी का, याचं एक उत्तर जुन्या लाकडी मूर्तींच्या घडणीत आहे, पाथरवटाच्या हाताला अजून फळीचीच सवय होती. आणि मला वाटतं, वजनाचाही विचार असेलच.

सामोसच्या त्याच हेराच्या वाटेवर, इसवी सनापूर्वी ५६० च्या सुमारास, एका घरानं आपलं अख्खं कुटुंब दगडात उभं केलं. एका लांब बैठकीवर सहा जण. एका टोकाला आई बसलेली, दुसऱ्या टोकाला एक लवंडलेली व्यक्ती, मध्ये मुलगा आणि तीन मुली. घडवणाऱ्यानंही सही केलीय, ‘गेनेलेओसनं आम्हाला घडवलं’. लवंडलेल्या व्यक्तीच्या नावाचा पुढचा भाग तुटलाय, शेवटची अक्षरं तेवढी राहिलीत. आई मात्र फिलेइया म्हणून स्पष्ट वाचता येते. मुलींपैकी दोघींची नावं शाबूत आहेत, फिलिप्पे आणि ओर्निथे. ओर्निथे हे नाव पक्षी या शब्दावरून आलेलं. घरात तिला पाखरू म्हणत असतील असं मी मनात धरून चालले आहे. बहिणी आता वेगळ्या झाल्यात, फिलिप्पे सामोसला आणि ओर्निथे बर्लिनला.

अथेन्सला दुसऱ्या दिवशी अक्रोपोलिस संग्रहालयात गेले. तिथं अशा कितीतरी मुली आहेत. ग्रीकमध्ये त्यांना ‘कोरे’ म्हणतात, म्हणजे मुलगी, कुमारी. इसवी सनापूर्वी ४८० मध्ये इराणी सैन्यानं अक्रोपोलिस जाळलं, पुतळे फोडले. अथेन्सकर परतले तेव्हा त्यांनी ते तुकडे फेकून दिले नाहीत, त्याच पवित्र टेकडीच्या मातीत पुरले. भंगलेली मूर्ती आपण वाहत्या पाण्यात सोडतो, तसंच काहीसं हे असावं. १८८६ मध्ये पानागिओतिस काव्वादिआस यांच्या उत्खननात एरेख्थेइओन या देवळाजवळच्या एकाच खड्ड्यात अशा चौदा पुतळ्या निघाल्या. जमिनीखाली राहिल्यामुळे त्यांच्यावरचे रंग टिकले होते. आपण ग्रीक शिल्प म्हटलं की पांढरंशुभ्र समजतो. या मुलींच्या केसांत अजून तांबूस रंग आहे, काठापदरावर निळं-हिरवं नक्षीकाम आहे. ‘पेप्लोस कोरे’ म्हणून ओळखली जाणारी चारेक फुटांची पुतळी मला सगळ्यांत आवडली. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आहे. त्या शतकातल्या सगळ्याच पुतळ्या अशा हसतात, पण हिचं हसू आतून आल्यासारखं वाटतं. तिचा पुढे केलेला डावा हात वेगळा घडवून जोडलेला होता, तो नाही. त्या हातात काय होतं यावरच ती मुलगी की देवी हे ठरणार होतं. पुन्हा तेच.

या अथेन्सच्या पुतळ्या मुलींच्या असल्या तरी देणारे बहुतेक पुरुष. नेआर्खोसनं आपल्या कामाच्या पहिल्या फळातून अथेना देवीला दोन मीटर उंचीची कोरे वाहिली. तो बहुधा कुंभार होता. नाउलोखोस नावाच्या एकानं लिहिलंय की सोन्याच्या त्रिशूळवाल्या समुद्राच्या स्वामीनं जी शिकार दिली, तिचा पहिला वाटा म्हणून ही मुलगी वाहिली. मासेमारी करणाऱ्यानं जाळ्यातल्या मासळीतून उभी केलेली संगमरवरी मुलगी! त्याची पुतळी गेली, शब्द राहिले.

आणि स्मिकिथे. ही कपडे धुणारी. तिनं कमाईचा दहावा हिस्सा म्हणून देवीला एक संगमरवरी कुंड दिलं. नाव, धंदा, आणि ‘दहावा हिस्सा वाहिला’, एवढाच लेख. बापाचं नाव नाही, नवऱ्याचं नाही. पाण्यात हात भिजवून मिळवलेल्या पैशांतून तिनं पाण्याचंच भांडं दिलं. त्या ओळीशी मी बराच वेळ रेंगाळले, आणि तिथंच आजीचा दुधाच्या पैशांचा डबा डोळ्यांपुढे आला. त्याचं झाकण नीट बसायचं नाही, म्हणून ती वर पाटा ठेवायची.

आजीनं समईवर आपलं नाव का घातलं नाही? विचारलं असतं तर ती म्हणाली असती, देवीला माहीत आहे. खरंही असेल. पण मला ते माहीत व्हायला हवं होतं, माझ्या मुलीला व्हायला हवं, गाभाऱ्यात वाकणाऱ्या कुठल्याही परक्या बाईला व्हायला हवं. निकांद्रेचंही देवीला माहीत असणारच. तरी तिनं कोरून घेतलं.

निघायच्या दिवशी सकाळी मी पुन्हा तिला पाहायला गेले. शाळेतल्या मुलांचा एक गट आला होता. शिक्षिकेनं काहीतरी सांगितलं आणि दहा-अकरा वर्षांची एक मुलगी पुतळीच्या डाव्या बाजूला गेली, हात मागे बांधून, मान वाकडी करून मोठ्यानं वाचू लागली. ‘नि-कान-द्रे…’ जुनी अक्षरं तिलाही अडखळवत होती. पहिली ओळ संपली तिथं ती थांबली, पुढचं कुठून धरायचं ते तिला कळेना. मैत्रिणीनं दुरूनच हवेत बोट फिरवून वळण दाखवलं. मग तिनं मान दुसऱ्या बाजूला कलती केली आणि पुढची ओळ धरली.